गुरुगृहींचे दिवस

गेल्या ज्येष्ठाच्या अंकांत वेदपठणांतील स्वरांविषयीं लिहितांना आम्ही सहज एक वाक्य लिहून गेलों, कीं बालपणीं चार वर्षें आम्हीहि एका वेदपाठशाळेंत राहिलों होतों आणि तेथील पहांटेचें थंड पाणी अजून अंगास आठवतें. लेख संपला आणि आम्ही तें वाक्य विसरूनहि गेलों. वाचक मात्र विसरले नाहींत. ह्या सदरास येणारीं पत्रें बहुधा एखाद्या सुभाषिताचा अर्थ विचारणारीं, नाहींतर आमच्या शुद्धलेखनांतील चूक दाखविणारीं असतात. ह्या खेपेस दोन महिन्यांत १७ पत्रें आलीं आणि त्यांतील एकांतहि स्वरांविषयीं अवाक्षर नव्हतें. सर्वांचा विषय तें एक वाक्य!

ह्या सतरांपैकीं अकरा पत्रें निरनिराळ्या पाठशाळांच्या जुन्या विद्यार्थ्यांचीं आहेत, चार पालकांचीं, एक एका वृद्ध गुरुजींचें आणि एक अशा मातेचें कीं जिचा मुलगा अजून पाठशाळेंत गेलेला नाहीं. कोणाचेंहि नांव किंवा गांव आम्ही देणार नाहीं. पाठशाळांचीं नांवें तर नाहींतच. ज्यांनीं लिहिलें त्यांनीं विश्वासानें लिहिलें, आणि ज्यांच्याविषयीं लिहिलें त्यांतील बरेच आतां उत्तर देण्यास ह्या लोकीं नाहींत.

मातेचें पत्र सर्वांत लहान आहे. घर एकत्र, माणसें चौदा. सासरे म्हणतात कीं घराण्यांत तीन पिढ्यांत वेद म्हणणारा कोणी उरला नाहीं. धाकट्या नातवाची मुंज येत्या माघांत करून त्यास पाठशाळेंत ठेवावें. यजमान वडिलांपुढें बोलत नाहींत. मुलाला आठवें लागलें आहे आणि तो अजून रात्रीं आजीची शाल मुठींत धरून निजतो. ‘पाठवूं कीं नको एवढेंच सांगा. घरांत मला हा प्रश्न विचारतां येत नाहीं, म्हणून आपणांस विचारतें,’ असें त्या भगिनी लिहितात. त्यांस उत्तर देण्यापूर्वीं बाकीचीं पत्रें नीट वाचणें आम्हांस भाग होतें.

पाठशाळेंत दिवस कसा जातो तें प्रथम सांगितलें पाहिजे. कारण तें न जाणतांच पुष्कळ मंडळी तिची स्तुति किंवा निंदा करीत असतात. आमच्या वेळीं साडेचारास उठवीत. विहिरीवर स्नान, संध्या, मग संथा. गुरुजींनीं एक चरण एकदां म्हणावा, मुलांनीं दोनदां. मग अर्धी ऋचा, मग सबंध ऋचा, मग सूक्त. दुपारीं जेवणानंतर तेंच, सायंकाळच्या संध्येनंतर तेंच. ऋग्वेदाचीं मंडलें १०, सूक्तें १०२८ आणि ऋचा दहा हजारांवर. ही झाली नुसती संहिता. मग शाकल्याचा पदपाठ, मग क्रम. आणि ज्याची बुद्धि व छाती दोन्ही बळकट असतील त्यास पुढें जटा व घन. घनांत दोन पदें सरळ, मग उलट, मग तिसरें पद जोडून तिन्ही सरळ, तिन्ही उलट, पुन्हां तिन्ही सरळ, असें चालतें. एक अनुदात्त घसरला कीं आरंभापासून. अर्थ कोणी सांगत नसे व कोणी विचारीतहि नसे. आम्हांस अर्थ पुढें कौमुदी वाचल्यावर कळूं लागला, आणि कळल्यावर पहिला विचार आला तो हा, कीं एवढ्या सुंदर उषेच्या सूक्ताच्या वेळीं आपण झोपेनें डुलत होतों.

पुस्तकावांचून, शाईवांचून, केवळ गुरूच्या मुखांतून शिष्याच्या कानांत पडून हा एवढा ग्रंथ स्वरासकट टिकला, ही गोष्ट लहान नव्हे. सन २००३ मध्यें युनेस्कोनें वेदपठणाच्या परंपरेची गणना मानवजातीच्या मौखिक वारशाच्या श्रेष्ठ ठेव्यांत केली, ती उगीच नाहीं. आणि ही विद्या मोठेपणीं येत नाहीं, हेंहि खरें. आमच्या निवृत्तीनंतर आम्हीं सहाव्या मंडलाचीं राहिलेलीं सूक्तें पाठ करण्याचा यत्न केला. दीड वर्षांत जें साधलें तें सांगण्यासारखें नाहीं. आणि दहाव्या वर्षीं जें पाठ झालें तें मात्र अजून झोपेंतून उठवून विचारा.

म्हणून अकरांपैकीं पांच पत्रें कृतज्ञतेचीं आहेत ह्याचें आम्हांस नवल वाटलें नाहीं. एक गृहस्थ पेढीवर रोखपाल होते. भिक्षुकी त्यांनीं कधींच केली नाहीं. गेल्या वर्षीं हृदयाच्या विकारानें रुग्णालयांत असतांना रात्रभर झोप येईना. तेव्हां मनांतल्या मनांत पवमान म्हणावयास आरंभ केला आणि उजाडेपर्यंत म्हणत राहिले. ‘पन्नास वर्षें जें कोणाच्या उपयोगीं पडलें नाहीं तें माझ्या उपयोगीं पडलें,’ असें ते लिहितात. दुसऱ्या एकानें केवळ अनध्यायांविषयीं चार पानें लिहिलीं आहेत. प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या ह्या तिथींस पाठ बंद. त्या दिवशीं नदींत डुंबणें, धोतरें धुणें, देवळाच्या ओवरींत पत्त्यांचा चोरटा डाव आणि सुटलाच तर वाडीमधला एखादा आंबा. अकालीं मेघ गर्जला तरी पाठ बंद! चैत्र-वैशाखांत मुलें आभाळाकडे चातकासारखीं पाहत. हे गृहस्थ आतां साठीला आले, तरी अवेळीं गडगडलें कीं त्यांस क्षणभर सुटी झाल्यासारखें वाटतें. हें वाचून आम्ही मोठ्यानें हंसलों, कारण आम्हांसहि तसेंच वाटतें. पण आजवर कोणास सांगितलें नव्हतें.

उरलेलीं सहा पत्रें हंसण्याजोगीं नाहींत.

छडीविषयीं सर्वच लिहितात. ज्यांस पाठशाळा प्रिय वाटते तेहि लिहितात. अंगठे धरून उभें करणें, कान पिळणें, भिजलेल्या पंचानें मारणें, जेवण बंद ठेवणें. एकास स्वर चुकल्याबद्दल पौषांतल्या रात्रीं ओल्या धोतरानें अंगणांत उभें केलें होतें. त्या रात्रींनंतर त्याचा एक कान गेला. कान थंडीनें गेला कीं त्याआधींच्या थपडेनें, हें त्यास आजहि सांगतां येत नाहीं. परंतु आमच्या मनांत जें राहिलें तें गुरुजींच्या माराहून निराळें आहे. तिघांनीं स्वतंत्रपणें, एकमेकांस न ओळखतां, लिहिलें आहे कीं दिवसाचा मार सोसवे. रात्रीं थोरल्या विद्यार्थ्यांच्या हातीं जो जाच होई तो सोसवत नसे. गुरुजी आपल्या बिऱ्हाडीं निजत. माडीवर वीस-पंचवीस मुलें, आठ वर्षांच्या पोरापासून एकोणीस-वीस वर्षांच्या घोड्यापर्यंत, आणि दिवा नऊ वाजतां मालविलेला. पाय चेपून घेणें, कपडे धुऊन घेणें हें तर सर्रास चाले. त्यापलीकडे जें झालें तें एका गृहस्थांनीं तीन ओळींत लिहिलें आहे व तें पत्र वाचून जाळून टाकावें अशी विनंति केली आहे. आम्हीं तसें केलें. त्यांनीं तें आजवर पत्नीसहि सांगितलेलें नव्हतें, एवढें मात्र त्यांच्या अनुज्ञेनें लिहितों.

घरीं कां सांगितलें नाहीं, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येईल. सांगावयाचें कसें? त्या काळीं महिन्यांतून एक पत्र घालावयाचें असे, आणि तें गुरुजी वाचून पाहत. पुष्कळदां मायनाहि तेच सांगत. ‘येथें सर्व कुशल. अध्ययन चालू आहे. आपण काळजी करूं नये.’ चार पालकांपैकीं दोघांनीं अशीं पोस्टकार्डें जपून ठेवलीं आहेत. एका वृद्ध मातेनें एक कार्ड आमच्याकडे पाठविलें आहे. अक्षर वळणदार, सरळ ओळींत. आणि खालीं कोपऱ्यांत, पत्त्याच्या बाजूस, अगदीं बारीक अक्षरांत ‘आई’ हा एकच शब्द दुसऱ्यांदां लिहिलेला. त्याचा अर्थ त्या वेळीं आपणांस कळला नाहीं, असें त्या लिहितात.

त्यांस अर्थ कळला तो दिवाळींत. नरकचतुर्दशीस पहांटे मुलाला पाटावर बसवून तेल लावूं लागल्या तों पाठीवर हाताला वळ लागले. दिवा जवळ आणून पाहिलें. मुलगा म्हणाला, विहिरीच्या पायरीवर पडलों. पायरीवर पडून पाठीवर आडव्या पांच रेघा उठत नाहींत हें कोणत्या आईस कळत नाहीं? त्यांनीं घरांत सांगितलें. दीर म्हणाले, आम्ही नाहीं का मार खाल्ला? सासूबाई म्हणाल्या, सणाच्या दिवशीं अशुभ बोलूं नये. भाऊबीज झाली आणि मुलगा परत गेला. पुढें तो मोठा वैदिक झाला, परप्रांतीं नांव मिळविलें. आईस दरमहा पैसे धाडतो, परंतु दिवाळीस घरीं येत नाहीं. त्यास वीस वर्षें झालीं.

पालकांतील एका गृहस्थांनीं मात्र आम्हांस चांगलेंच धारेवर धरलें आहे. छडीवांचून विद्या कोणास आली? आजकालचीं मुलें लाडानें नासलीं. आपल्यासारख्यांनीं पाठशाळांवर लिहिलें तर ज्या चार उरल्या आहेत त्याहि बंद पडतील, असा त्यांचा आक्षेप आहे. ह्यांतील भीति खोटी नाहीं. शेंडी राखलेलें पोर दिसलें कीं बसमध्यें लोक हंसतात. पाठशाळेस वर्गणी मागावयास गेलें कीं तेच लोक गंभीर होऊन वारसा जपला पाहिजे असें म्हणतात आणि अकरा रुपये काढतात. परंतु मुख्य प्रश्नाचें उत्तर आम्हांस देतां येईल, कारण आम्हीहि तेंच वाक्य तीस वर्षें वर्गांत उच्चारीत होतों. सन १९७५ च्या जुन्या अकरावीच्या मॅट्रिकवर, आणि गुरुजींकडून मिळालेल्या संस्कृतावर, आम्हीं मास्तरकी केली. छडी टेबलावर असे, व ती नुसती टेबलावरच असे असेंहि नाहीं. आज मागें वळून पाहतां आम्हांस असा एकहि विद्यार्थी आठवत नाहीं कीं ज्यास छडीनें ‘रामः रामौ रामाः’ आलें. ज्यांस आलें त्यांस तें येणारच होतें. इतर छडी चुकविण्यास शिकले.

शास्त्राचा आधार काढणाऱ्यांनीं शास्त्र सबंध पाहावें. गौतमधर्मसूत्रांत शिष्यास न मारतां शिकवावें असें प्रथम सांगितलें आहे. न साधल्यास बारीक दोरीनें किंवा वेळूच्या कांबीनें. आणि ह्याहून दुसऱ्या कशानें जो मारील त्या गुरूला राजानें दंड करावा असें पुढचेंच सूत्र आहे. आपस्तंब म्हणतो, शिष्यावर पुत्राप्रमाणें माया करावी, विद्येंतील कांहीं राखून ठेवूं नये आणि संकटकाळ नसेल तर आपल्या घरकामासाठीं त्याच्या अध्ययनांत खंड पाडूं नये. त्यानें सांगितलेल्या शिक्षा म्हणजे धाक घालणें, उपास, थंड पाण्याचें स्नान आणि समोर येऊं न देणें. (आमच्या वेळीं थंड स्नान शिक्षा म्हणून देण्याची सोयच नव्हती, तें रोजचेंच होतें.) मनूनेंहि दुसऱ्या अध्यायांत प्राण्यांस पीडा न देतांच अनुशासन करावें व वाणी मधुर ठेवावी असें सांगितलें आहे; चौथ्यांत पुत्र आणि शिष्य ह्यांस शिक्षणासाठीं ताडण करण्याची मोकळीक दिली आहे, हेंहि आम्ही लपवीत नाहीं. परंतु आमच्या लोकांनीं मोकळीक तेवढी पाठ केली आणि तिच्या आधींचें विसरले.

कीर्तनांत आरुणीची आणि उपमन्यूची गोष्ट हटकून येते. आरुणि बांधाच्या खिंडारांत आडवा पडला; उपमन्यूची भिक्षा गुरूंनीं घेतली, दूध बंद केलें, फेसहि बंद केला, तेव्हां भुकेनें रुईचीं पानें खाऊन तो आंधळा झाला व विहिरींत पडला. बुवा येथें डोळे पुसतात, श्रोते माना डोलावतात. पण महाभारताच्या त्याच पौष्यपर्वांत आयोद धौम्यांचा तिसरा शिष्य आहे. त्याचें नांवच वेद. त्यानें गुरुगृहीं जुंपलेल्या बैलासारखा भार वाहिला, थंडी-ऊन, भूक-तहान सोसली. पुढें तो स्वतः गुरु झाला, त्याच्या घरीं तीन शिष्य राहिले. आणि त्यानें त्यांस ‘हें काम करा’ किंवा ‘माझी सेवा करा’ असें कधीं म्हटलें नाहीं. कारण व्यासांनीं स्पष्ट दिलें आहे. गुरुकुलांतील दुःख त्यास ठाऊक होतें, म्हणून आपल्या शिष्यांस क्लेश द्यावा असें त्यास वाटेना. हा तिसरा शिष्य आम्हीं आजवर एकाहि कीर्तनांत ऐकलेला नाहीं.

वृद्ध गुरुजींचें पत्र वाचतांना आम्हांस त्याचीच आठवण झाली. वय ८४. ‘मुलें बावीस, शिकविणारा मी एकटा, आचारी महिन्यांतून आठ दिवस नाहींसा. पहांटे भात मी चढवीत असें आणि संथाहि मीच देत असें. मला जसें शिकविलें तसें मीं शिकविलें. दुसरी रीत मीं पाहिलीच नव्हती. परंतु एका मुलाच्या हातावर मीं चिमटा मारला होता, तापलेला. तो मुलगा आज कोठें आहे हें कळेल काय?’ आम्हीं त्यांच्यासाठीं चौकशी केली. थांग लागला नाहीं.

कायद्याविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे, कारण बहुतेक पालकांचा येथें गैरसमज आहे. सन २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याच्या १७ व्या कलमानें मुलांस शारीरिक शिक्षा व मानसिक छळ करण्यास मनाई केली. परंतु सन २०१२ च्या दुरुस्तीनें मदरसे, वेदपाठशाळा आणि मुख्यतः धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्था ह्यांस तो संबंध कायदाच लागू होणार नाहीं असें ठरलें. म्हणजे गांवच्या प्राथमिक शाळेंत ज्या कायद्यानें छडी बंद झाली तो पाठशाळेच्या उंबऱ्यापाशीं थबकतो. ह्यावरून तेथें कांहीं केलें तरी चालतें असें मात्र कोणी समजूं नये. लैंगिक अपराधांपासून बालकांच्या संरक्षणाचा २०१२ चा कायदा सर्वत्र लागू आहे. सन २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या ७५ व्या कलमाप्रमाणें मूल ज्याच्या ताब्यांत आहे त्यानें त्यास मारहाण केली किंवा जाणूनबुजून हेळसांड केली तर तो गुन्हा आहे; आणि मुलांचा सांभाळ ज्या संस्थेकडे सोंपविला तिच्या चालकानें किंवा नोकरानें तसें केलें तर पांच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. १०९८ ह्या क्रमांकावर कोणीहि, मूल स्वतःहि, दूरध्वनि करूं शकतें.

आतां त्या भगिनींस उत्तर.

बाई, आम्ही ‘पाठवूं नका’ असें सरसकट लिहूं शकत नाहीं. तीं पांच पत्रें आमच्यासमोर आहेत, आणि वेद म्हणणारा मुलगा घरांत असावा ही तुमच्या मामंजींची इच्छा हीन नाहीं. हल्लींच्या कित्येक पाठशाळांतून मुलांस बाहेरची दहावीहि देववितात. विद्यार्थ्यांस हातहि न लावणारे गुरुजी आम्ही पाहिले आहेत. पण मामंजींस सांगून एकदां स्वतः तेथें जा, आणि कळवून जाऊं नका. अनध्यायाच्या दिवशीं जा, म्हणजे मुलें बोलतीं सांपडतील. माडीवर चढून निजण्याची जागा पाहा; लहान मुलें कोठें निजतात, थोरलीं कोठें, आणि रात्रीं त्यांच्याजवळ मोठें माणूस कोण असतें तें विचारा. मुलास घरीं दूरध्वनि करावयाचा झाल्यास तो एकट्यानें बोलूं शकतो कीं कोणी शेजारीं उभें असतें? गुरुजींचा स्वतःचा मुलगा असेल तर तो तेथेंच निजतो काय? हरिद्वारजवळ कांगडीचें गुरुकुल सन १९०२ मध्यें निघालें, तेव्हां मुन्शीराम, म्हणजे पुढचे स्वामी श्रद्धानंद, ह्यांनीं पहिले विद्यार्थी म्हणून आपले दोन मुलगेच तेथें ठेविले. त्या गुरुकुलाची शिस्त मऊ नव्हती. परंतु लोकांचीं मुलें मागण्याचा अधिकार त्यांस त्यामुळें आला होता. आणखी एक. घरांतील चौदा माणसांनीं आपलें मत दिलें असेल किंवा गिळलें असेल; शाल धरून निजणाऱ्या त्या पंधराव्यास कोणी विचारलें आहे काय? तो नको म्हणाला तर आठव्या वर्षींचा मुलगा दहाव्या वर्षींहि वेद शिकूं शकतो. तुम्हांस घरांत बोलतां येत नसेल तर हा अंक मामंजींच्या हातीं द्या. ते आमच्यावर रागावतील, तुमच्यावर नाहीं.

इतकें लिहून आम्ही थांबलों असतों. परंतु अकरा पत्रांतील एक आम्हीं वर मोजलें, त्यांतील मजकूर मात्र सांगितला नाहीं. तें आमच्याच नांवाचें आहे.

सन १९८९ च्या श्रावणांतली गोष्ट. आमच्या शेजारच्या बिऱ्हाडांतील मुलगा, वय दहा, आमच्याच सांगण्यावरून आम्ही शिकलों त्या पाठशाळेंत ठेविलेला होता. एका रात्रीं मुसळधार पावसांत तो मालट्रकांतून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर येऊन घराच्या दारांत उभा राहिला. त्याचे वडील घाबरले, मुलासाठीं नव्हे, गुरुजी काय म्हणतील म्हणून. त्यांनीं आम्हांस बोलाविलें. माजघरांत त्याच्या आईनें कंदील वर धरून त्याचा सदरा उचलला आणि ‘भाऊजी, हें पाहा’ एवढेंच म्हणाली. पतंजलीच्या महाभाष्यांत एक श्लोक आहे. गुरु मारतात ते अमृताच्या हातांनीं, विषाच्या नव्हे, असा त्याचा भाव. तो आम्हीं त्या माउलीस संस्कृतांत म्हणून दाखविला. तिला संस्कृत येत नव्हतें. तिनें सदरा खालीं केला.

दुसऱ्या दिवशीं सकाळच्या एस्‌टीनें त्यास परत पोंचविण्याचें आम्ही पत्करलें. वाटेंत तो कांहीं बोलला नाहीं. आम्हीं केळीं घेऊन दिलीं, तीं त्यानें मांडीवर धरून ठेविलीं. उतरावयाच्या वेळीं त्यानें पुढच्या बांकाची लोखंडी कांब दोन्ही हातांनीं घट्ट धरली. गाडींतले लोक पाहूं लागले. वाहक घाई करूं लागला. आम्हीं त्याचीं बोटें एकेक करून सोडविलीं.

ती पाठशाळा आज बंद आहे. मुलगा आणखी दोन वर्षें तेथें राहिला, मग शाळेंत गेला; आतां स्वतःचा छापखाना आहे, मुलेंबाळें आहेत. मध्यंतरीं दोनदां कार्यांत भेट झाली. त्यानें वांकून नमस्कार केला व आम्ही आशीर्वाद दिला. ज्येष्ठाच्या अंकांतलें थंड पाण्याचें वाक्य वाचून त्यानें हें पहिलेंच पत्र लिहिलें. पत्रांत राग नाहीं. पाठशाळेंत काय झालें तेंहि नाहीं. आईनें कंदील धरला होता हें त्यास आठवतें, आम्ही दारापाशीं उभे होतों हें आठवतें. पण त्याचें तोंड भिंतीकडे होतें. म्हणून एकच गोष्ट विचारली आहे, कीं त्या रात्रीं आपण माझी पाठ पाहिली होती काय, कीं दिवा मंद असल्यामुळें आपणांस दिसली नाहीं?

दिवा मंद नव्हता. आम्हीं पाहिली होती. तसें त्यास त्याच दिवशींच्या टपालानें कळविलें आहे. हा लेख छापावयास देईपर्यंत त्याचें उत्तर आलेलें नाहीं.